नाव न घेता पाणी

तुला की तुम्हाला? पहिल्याच शब्दाला पेन अडलं बघ. आपण दोघी सगळं आयुष्य इंग्रजीत बोललो आणि इंग्रजीतल्या 'यू'ने मला कधी निवड करायला लावली नाही. आज पहिल्यांदाच तुझ्याशी मराठीत बोलते आहे. सुनेच्या आईला, म्हणजे विहिणीला, 'अहो' म्हणायची आमच्याकडे रीत आहे. पण विहीण तू फार नंतर झालीस. त्याआधी सौदीत, दम्मामला आमच्या समोरच्या दारात राहणारी शेजारीण होतीस, आणि स्वयंपाकघरात चपला घालून थेट आत येऊन पातेल्याचं झाकण उघडून बघायचीस. तशा बाईला 'अहो' कसं म्हणायचं? तेव्हा 'तू'च. मान कमी पडला असं वाटलं तर रुसून बस. विहिणीचा तो हक्कच असतो.

मराठीत लिहिते आहे ते ताराकरता आणि ईशानकरता, आपल्या दोघींच्या नातवंडांकरता. ताराला आता जोडाक्षरं वाचता येतात असं मिलिंद म्हणतो. ईशानला तो वाचून दाखवेल. तुझी आठवण त्यांना इंग्रजीत सांगायला तिथे पुष्कळ माणसं आहेत. मराठीत सांगणारी मी एकटीच आहे.

तू गेलीस त्याला महिनाही झाला नाही. बातमी मिलिंदने दिली, पण नियम सांगायला फोन तुला नॅन म्हणणाऱ्या ताराने केला. "आजी, नॅनचं नाव नाही घ्यायचं आता. ओके? आई सांगेल तोपर्यंत नाही. फोटोपण आत ठेवायचे."

"बरं," मी म्हटलं. तुझ्या माणसांत, ऑस्ट्रेलियाच्या मूळच्या लोकांत, गेलेल्याचं नाव काही काळ उच्चारत नाहीत हे मला तूच सांगितलं होतंस. तेव्हा तुला म्हटलं होतं, आमच्याकडे जिवंत नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तुमच्याकडे निदान मेलेल्याचं तरी. तू पोट धरून हसली होतीस.

मग तारा म्हणाली, "आणि आजी, तू आजोबांसाठी ते पाण्याचं करतेस ना? हातातून सोडतेस ते? नॅनसाठीपण कर. तिला पाणी आवडायचं."

मी लगेच 'हो' म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आपण काय कबूल करून बसलो आहोत. आमचं तर्पण नावावर चालतं. अमुक गोत्राच्या अमुक नावाच्या माणसाला हे पाणी पोचो, असं म्हणून पाणी सोडायचं. मुलाने करायचं ते काम, पण मुलगा ऑस्ट्रेलियात, म्हणून हे गेल्यापासून मीच करते. आमच्या गुरुजींनीही "काळ बदलला, बाई" म्हणून मान्य केलं आहे. त्यांना फोन लावला.

"नाव सांगता येणार नाही, गुरुजी."

"का हो? माहीत नाही?"

"माहीत आहे. घ्यायचं नाही."

"गोत्र?"

"ते आपल्यात बसणारं नाही."

 गुरुजी समजुतीने म्हणाले, "असं करू. ज्यांचं नाव-गोत्र ठाऊक नाही अशांना देतात ना, त्या ओंजळीत धरू. अज्ञात म्हणून."

अज्ञात! तू! तुला ऐकायला हवं होतं ते. सर्वपित्री अमावास्या जवळ येते आहे, मी नातीला शब्द दिला आहे, आणि तुला अनोळखी माणसांच्या रांगेत मी उभी करणार नाही. म्हणून लिहायला बसले. लिहिताना तरी सापडेल, तुला कोणत्या नावाने हाक मारायची ते.

तशी नावांची गंमत आपल्यात पहिल्यापासूनच होती. दम्मामला दर शुक्रवारी आमच्याकडे कामगारांच्या कॅम्पमधली कोकणातली मंडळी जेवायला यायची. वेल्डर, फिटर, सगळे एकटे राहणारे. रत्नागिरीचे महमदभाई दारातूनच ओरडायचे, "वैनी, आज कायतरी आंबट करा, कॅम्पातला खाऊन तोंड मेलाय!" सगळा मजला 'वहिनी, वहिनी' करायचा. तुला वाटलं तेच माझं नाव. पुढे ऑस्ट्रेलियाला परत गेल्यावरही तू पाकिटावर 'मिसेस वहिनी' असं लिहायचीस आणि आमचा नाशिकचा पोस्टमन दारात येऊन म्हणायचा, "वहिनी, तुमचंच ना?" त्याला त्यात काही चुकीचं दिसायचं नाही. माझं खरं नाव तुझ्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. आज वाटतं, बरं झालं.

ईशान, कुवेतची लढाई म्हणजे काय ते तुझ्या बाबांना विचार, त्यांना विमानं आठवतात. मला पाणी आठवतं. आजोबा समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात होते. दम्माममध्ये आमच्या घरी स्वयंपाकघरात प्यायच्या गोड्या पाण्याचा नळ वेगळा होता. लढाई सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत कळलं की समुद्रात तेल सांडलं आहे आणि त्याचा तवंग किनाऱ्याने खाली सरकतो आहे. तवंग कारखान्याच्या तोंडाशी आला तर नळ बंद. पुष्कळ कुटुंबं निघून गेली होती. आजोबांना कामावरून सोडत नव्हते, कफील म्हणजे तिथला मालक, त्याच्याकडचे पासपोर्ट मिळायला वेळ होता, आणि त्यांना एकट्याला ठेवून मी जाणार नव्हते. तुमचे ऑस्ट्रेलियाचे आजोबा बोअर मारायचे, त्या वेळी तिकडे बुरैदाकडे गव्हाच्या शेतांवर अडकले होते. तेव्हा समोरासमोरच्या दोन दारांत दोन बायका आणि दोन पोरं, तुमचे आई-बाबा, एवढेच उरलो.

मी पद्धतशीर बाई. घरातली सगळी भांडी भरली, घागरी भरल्या, शेवटी बाथटब घासून काठोकाठ भरला आणि मुलांना ताकीद दिली: हात लावायचा नाही. तेवढ्यात तू आलीस. टबाशी ओणवी झालीस आणि पाण्याशी बोलायला लागलीस. तुझ्या भाषेत आधी, मग आमच्यासाठी इंग्रजीत: "आम्ही आहोत. ही माझी मुलगी. हा मिलिंद, जरा दंगेखोर आहे. ही वहिनी. आम्हाला तुझी गरज आहे, रागावू नकोस."

मी म्हटलं, "अगं, नळाचं पाणी आहे ते!"

"म्हणून काय झालं? बिचाऱ्याला समुद्रातून ओढून आणलं, त्याचं मीठ काढून घेतलं, पाइपात कोंबलं. एवढ्या हालानंतर कुणीतरी त्याला हॅलो म्हणायला नको?"

तुझ्या गावी नव्या पाण्यात हात घालायच्या आधी मूठभर वाळू टाकून आपण कोण ते मोठ्याने सांगायचं असतं, म्हणजे पाणी परक्याला ओळखतं, असं तू त्या दिवशी सांगितलंस. वाळूला दम्माममध्ये तोटा नव्हता, पण माझ्या घासलेल्या टबात मी ती टाकू दिली नाही. त्यावर आपला पहिला वाद झाला. टबाची बाजू माझी होती.

मिलिंद मात्र दुसऱ्याच गोष्टीवर हसत होता. "आंटी, वहिनी हे आईचं नाव नाहीये!"

"मग काय आहे?"

"भावाच्या बायकोला वहिनी म्हणतात."

तू माझ्याकडे बघितलंस. "म्हणजे इतके दिवस मी तुझ्या नवऱ्याची बहीण आहे? मला कुणी सांगितलंच नाही! माझा हिस्सा कुठे आहे?"

भोंगा वाजत होता, खिडक्यांना चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या आणि आपण न्हाणीघराच्या फरशीवर बसून हसत होतो. मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण तू पाण्याला आमची ओळख करून दिल्यावर मला त्या घरात एकटं वाटेनासं झालं. हे तुला कधी सांगितलं नाही. पद्धतशीर बायका असल्या गोष्टी सांगत नाहीत.

तवंग आमच्यापर्यंत पोचलाच नाही. तो अडवायला वरच्या किनाऱ्यावर गेलेले हे घरी आले ते दोन्ही हातांना काळं लागलेलं घेऊन, आणि तू दारातूनच ओरडलीस, "भाऊ, आधी टबाला तुमचं नाव सांगा!" यांनी, इतक्या गंभीर माणसाने, खरंच सांगितलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

पुढे आकाशात कुवेतच्या विहिरींचा धूर आला आणि भरदुपारी दिवे लावावे लागले, त्या दिवसांत तुझा नवरा बुरैदाहून परतला. येताना गव्हाच्या शेतातल्या खोल बोअरचं पाणी कॅनमध्ये भरून आणलं होतं. त्याला फार अभिमान होता. "पिऊन बघा. माणसं नव्हती तेव्हाचं पाणी आहे हे, जमिनीत साठून राहिलेलं." खरंच गोड होतं. मी पेला रिकामा केला. तू हातही लावला नाहीस.

"कोणाला विचारून काढलंस?"

"शेखला. पगार तोच देतो."

"हे पाणी परत भरतं?"

"नाही. खलास झालं की खलास."

तू उठून बाहेर गेलीस.  नंतर जिन्यात मला म्हणालीस, "आमच्याकडेही हेच चाललंय, वहिनी. माझ्या आजीच्या झऱ्याच्या वरच्या अंगाला फळबागांसाठी बोअर मारतायत. मी इथे बसून वाळवंटातला गहू बघते आणि मला झरा दिसतो." हाइल आणि बुरैदाच्या त्या हिरव्यागार गोल शेतांचं सगळ्यांना कौतुक होतं, मलाही होतं. तू त्यांच्याकडे, पुढे काय होणार ते आधीच पाहिलेल्या माणसासारखी बघायचीस.

कंत्राट संपल्यावर तुम्ही परत गेलात आणि तू त्या कामाला लागलीस ते शेवटपर्यंत. ईशान, 'वॉटर पॉलिसी' असं तुझी आई म्हणते, ते हेच काम. जमिनीखालचं पाणी कोणी किती उपसायचं हे सरकार ठरवतं. ठरवताना शेतवाल्यांना विचारतात, खाणवाल्यांना विचारतात, आणि ज्यांची माणसं त्या पाण्याकाठी सगळ्यांच्या आधीपासून राहत आली त्यांना विचारायचं राहून जातं. तुझी नॅन त्या खोलीत जाऊन बसायची आणि विचारल्याशिवाय उठायची नाही. "मराठीत तुम्ही आम्हाला काय म्हणता?" असं तिने मला एकदा विचारलं होतं. "आदिवासी," मी सांगितलं, "पहिल्यापासून राहणारे." ती म्हणाली, "हे सरकारला मराठीत सांगू या का? इंग्रजीत त्यांना कळत नाहीये."

तुझी निवेदनं तपासायला माझ्याकडे यायची. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, व्याकरण पक्कं, परिच्छेद पाडायची हौस. एकच गोष्ट तू चार वेळा लिहायचीस, मी तीन वेळा काढायची, तू पुन्हा घालायचीस. "चार वेळा सांगितल्याशिवाय ते ऐकत नाहीत, वहिनी. तुझं व्याकरण एकदाच ऐकणाऱ्या माणसांसाठी आहे."

पण आपला खरा वाद झऱ्याच्या नावावरून झाला. मी म्हणायची, नाव लिही, नकाशावर घाल. सरकारला कागदावर नसलेलं दिसत नाही. तू म्हणायचीस, नाव दिलं की मागून पाइप येतो, आणि ते नाव सगळ्यांच्या कानी घालायचं नसतंच मुळी. मी चिडून फोनवर म्हटलं होतं, "मग बिननावाच्या पाण्यासाठी कशी लढणार आहेस?" तू म्हणालीस, "तू वहिनी म्हणून जगलीसच की."



शेवटी तू तुझ्या पद्धतीने केलंस. सुनावणी घेणाऱ्या साहेब लोकांना झऱ्यावर घेऊन गेलीस. त्यातल्या एकाने वही काढली आणि विचारलं, "याचं नाव काय लिहू?" तू त्याच्या हातात वाळू दिलीस. "त्याचं नाव तुम्हाला कळणार नाही. तुमचं त्याला कळू दे." बूट घातलेले ते सगळे एकामागून एक उभे राहिले, वाळू टाकली आणि आपापली नावं मोठ्याने सांगितली. हे ऐकल्यावर मला आमच्या यांचा टबासमोरचा चेहरा आठवला. त्या सुनावणीनंतर झऱ्याच्या वरच्या अंगाचे बोअर थांबले. सगळीकडचे नाही थांबले, ते काम आता तुझी मुलगी करते. मला मात्र अजूनही वाटतं की नकाशावर नाव असतं तर तुझी वर्षं वाचली असती. हा वाद मी सोडलेला नाही. तू गेलीस म्हणून मी हरले असं समजू नकोस.

आणि यांनाही तू कामाला लावलंस. तुझ्या वस्तीच्या बोअरचं पाणी खारं, मुलांच्या पोटाला बाधायचं. सरकार म्हणालं, यावर उपाय नाही. तू नाशिकला फोन केलास. निवृत्त होऊन वर्तमानपत्राच्या घड्या घालत बसलेला माझा नवरा फोनवर तासन्तास तुला सांगायचा, कोणतं यंत्र मागायचं, कोणतं नाकारायचं, साहेब 'महाग आहे' म्हणाले तर उलट काय विचारायचं. दम्मामच्या कारखान्यात शिकलेलं सगळं त्यांनी तुला दिलं. त्या वस्तीत आज नळाला गोडं पाणी येतं. "भाऊ, तो तुमच्या बहिणीचा हिस्सा होता, तो पोचला," असं तू म्हणालीस, तेव्हा ते उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. शेवटची दोन-चार वर्षं ते ताठ मानेने जगले ते तुझ्यामुळे. याबद्दल तुला कधी नीट 'थँक यू' म्हटलं नाही. मराठीत तो शब्द घरच्या माणसांत वापरत नाहीत, आणि इंग्रजीत तो फार लहान पडतो.

मिलिंद शिकायला तुझ्याकडे आला आणि तुझ्या मुलीच्या प्रेमात पडला, तेव्हा तू मला फोन केलास. "वहिनी, आता मी तुझी कोण?"

"विहीण."

"वहिनी, विहीण... तेच शब्द हलवून पुन्हा वाटलेत तुम्ही! तुमच्याकडे अक्षरांची टंचाई आहे का?"

लग्न नाशिकला झालं. त्याच्या आदल्या वर्षी तुझा नवरा गेला होता. पत्रिका छापताना छापखानेवाल्याने विचारलं, "मुलीच्या आईंच्या नावाआधी गं. भा. लावायचं ना?" मी ताडकन 'नाही' म्हटलं. तू शेजारीच उभी होतीस. काय ते सांगावंच लागलं. गंगा भागीरथी. आमच्याकडे विधवेच्या नावाआधी लावतात.

"म्हणजे नवरा गेला की तुम्ही बाईच्या नावाआधी नदी ठेवता?"

"तसं ऐकायला बरं वाटतं. त्या दोन अक्षरांमागून काय काय यायचं तुला माहीत नाही. कुंकू पूस, शुभकार्याला पुढे येऊ नकोस. ती खूण आहे, मान नाही."

"मग बाकीचं फेकून दे. नदी कशाला फेकतेस?"

छापखानेवाला दोघींकडे बघत राहिला. पत्रिकेवर माझ्या हट्टाने गं. भा. छापलं नाही. पण लग्नात तू स्वतःच्या पेनने हाती लागेल त्या पत्रिकेवर आपल्या नावाआधी एक नागमोडी रेघ काढलीस आणि मांडवभर सगळ्यांना सांगत सुटलीस, 'ही माझी नदी.' आमच्या आत्याबाईंना दोन दिवस बोलता येईना, यात तुझे खरोखर उपकार झाले.

दुसऱ्या दिवशी मी तुला गोदावरीवर नेलं. आमच्या नाशकात तिला गंगाच म्हणतात. तू काठावरची वाळू मुठीत घेतलीस, टाकलीस आणि मोठ्याने बोलायला लागलीस. फुलं विकणारी बाई विचारायला लागली, "काय म्हणतायत या बाई?"

"नदीला स्वतःची ओळख करून देतायत."

"बरं झालं माय. इथली माणसं तर चपला घालून सरळ उतरतात."

हे गेल्यावर बँकेच्या पाकिटावर माझ्या नावाआधी गं. भा. आलं, तेव्हा मी तिथे जाऊन ते काढायला लावलं. पुन्हा आलं तर पुन्हा काढायला लावीन. त्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही. पण इथवर लिहून झाल्यावर आत्ता मला दिसतं आहे की नाव पुसलं तरी तुझ्या बाबतीत नावाआधीची एक गोष्ट शिल्लक राहते, ती नदी. ती तू भांडून घेतलेली आहेस. तिला नाव म्हणत नाहीत, म्हणून तुझ्या माणसांचा नियम मोडत नाही. आणि ती अज्ञातही नाही.

गुरुजींना फोन केला. "गुरुजी, नुसतं 'गंगा भागीरथी' म्हटलं तर?"

"अहो, ते नावाआधी लावायचं. पुढे नाव नको का?"

"पुढचं ती ऐकून घेईल."

गुरुजी हसले. "विहीणबाई आहेत ना तुमच्या? मग तुमचं तुम्ही बघून घ्या. व्याह्यांच्या भांडणात भटजी पडत नाही."

तारा, अमावास्येला सकाळी मी गोदावरीवरून तुला फोन लावीन. तुमच्याकडे दुपार असेल, शाळेतून आलेली असशील. पायातल्या चपला वर पायरीवर ठेवीन. आजोबांना पाणी देऊन झालं की मूठभर वाळू घेईन, ती टाकीन आणि आधी ओळख सांगेन, नॅनने शिकवली तशी. 'मी वहिनी,' एवढंच. मग ओंजळ भरीन.

गंगा भागीरथी, हे पाणी तुला.